रुंद पात्याचा बाण सरळ कसा जातो?

अमेरिकेतील ओहायो राज्यात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सप्टेंबर महिन्यात सुरू होतो. समजा, तिथल्या एका शिकाऱ्याने सारा उन्हाळा घरामागच्या मोकळ्या जागेत नेमबाजीचा सराव केला आहे. त्याच्याजवळ क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य आहे. तीस मीटरवरून सोडलेले त्याचे पाचही बाण चहाच्या बशीएवढ्या वर्तुळात बसतात. सरावाच्या या बाणांना पुढे साधे, गोळीच्या आकाराचे निमुळते टोक असते. हंगाम जवळ आला तशी त्याने ही टोके फिरवून काढली आणि त्यांच्या जागी तेवढ्याच वजनाची, धारदार पात्यांची टोके बसवली. अशा टोकाला तिकडे ब्रॉडहेड, म्हणजे रुंद पात्याचे टोक म्हणतात. धनुष्य तेच, बाण तोच, वजनही तेच. पण आता बाण नेमापासून वीतभर बाजूला जाऊन रुतू लागले, आणि तेही प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला!

असे का व्हावे?

गवताच्या गंजीवर वीतभर चूक झाली तर काही बिघडत नाही. हरणाच्या बाबतीत मात्र त्या वीतभर अंतराने फार मोठा फरक पडतो. बाण छातीत बसला तर प्राणी थोड्याच वेळात पडतो. तो पोटात किंवा मांडीत बसला, तर जखमी प्राणी रानात निघून जातो, अनेकदा सापडतही नाही आणि तासन्‌तास तडफडतो. म्हणून बाण व त्याचे टोक यांची निवड हा तिकडच्या शिकाऱ्यांत मोठ्या चर्चेचा विषय असतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे वन्य प्राण्यांची शिकार बंद झाली आहे, आणि ते योग्यच झाले. तेव्हा तुम्हां-आम्हांला बाण विकत घ्यायचा नाही. पण नववी-दहावीच्या पुस्तकातले निम्मे पदार्थविज्ञान या एका काडीत कसे भरले आहे, ते पाहण्यासारखे आहे.

क्रॉसबो हे काही नवे शस्त्र नव्हे. चीनमध्ये शिआन शहराजवळ सम्राट छिन शी हुआंग याच्या मातीच्या सैन्याबरोबर क्रॉसबोचे काशाचे घोडे आणि बाणांची हजारो काशाची टोके सापडली आहेत. ती बावीसशे वर्षांपूर्वीची आहेत. युरोपात ११३९ साली भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध हे शस्त्र वापरू नये असा निर्णय दिला; तो फारसा कोणी पाळला नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ साली फ्रान्समधील एका किल्ल्याला वेढा घालून बसला असताना क्रॉसबोच्या बाणाने जखमी झाला आणि जखम चिघळून मेला. लढाईतल्या बाणांची टोके बहुधा अरुंद आणि जाड असत, कारण त्यांना चिलखत भेदायचे होते. शिकारीच्या बाणाचे टोक मात्र पूर्वीपासून रुंद पात्याचे. दोघांचे काम वेगळे, म्हणून आकार वेगळा.

हे काम नेमके काय, ते आकड्यांत पाहू. आजच्या क्रॉसबोचा मध्यम वजनाचा बाण टोकासकट सुमारे २६ ग्रॅम भरतो. शिकारी मंडळी हे वजन ग्रेनमध्ये सांगतात : ४०० ग्रेन. आपल्या जुन्या तोळ्यात १८० ग्रेन असत, म्हणजे हा बाण सव्वादोन तोळ्यांचा झाला. धनुष्यातून सुटताना त्याचा वेग सेकंदाला १०५ मीटर धरू. गतिज ऊर्जेच्या सूत्रात हे आकडे घातले, तर उत्तर सुमारे १४३ ज्यूल येते. आता १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू घ्या. जलदगती गोलंदाजाने तो ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकला, तर त्याची ऊर्जा १२१ ज्यूल होते. छोट्या, पॉइंट बावीस बंदुकीची २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३३० मीटर वेगाने जात असेल, तर तिची ऊर्जा १४२ ज्यूल! चेंडू, बाण आणि गोळी यांच्या ऊर्जेत फारसा फरक नाही. संवेग पाहिला, तर चेंडूचा बाणाच्या सव्वादोनपट आहे. तरीही चेंडू लागला की टेंगूळ येते किंवा हाड मोडते आणि बाण मात्र आरपार जातो.

कारण तुम्ही ओळखले असेलच. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. चेंडूचे बल काही चौरस सेंटिमीटर जागेवर पसरते. पात्याच्या धारेखालची जागा मिलिमीटरच्या लहानशा अंशात मोजावी लागेल. विळीला धार असली की भोपळा सहज चिरतो आणि बोथट विळीवर हात दुखेपर्यंत जोर करावा लागतो, तोच हा न्याय. गोळी उतींना धक्का देऊन फाडते, बाण कापतो. रक्तवाहिन्या कापल्या जाऊन रक्तस्राव होतो आणि प्राणी पडतो. म्हणून ब्रॉडहेड निवडताना पहिली कसोटी धारेची. जाहिरातीत वेगाचा आकडा ठळक अक्षरांत छापतात. धारेचा आकडा कोणी छापत नाही. बोथट पात्याचा वेगवान बाण हा सर्वांत वाईट बाण होय, असे मी म्हणेन.

धारेचे महत्त्व आदिमानवालाही ठाऊक होते. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावात एक आदिवासी मनुष्य एकटाच रानातून बाहेर आला. याही जमातीचा तो अखेरचा माणूस. लोक त्याला इशी म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो राहत असे आणि ज्वालामुखीच्या काचेचे किंवा बाटलीच्या काचेचे कपचे उडवून बाणांची टोके तयार करीत असे. तिथल्या वैद्यकीय विद्यालयातील शल्यविशारद डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्यविद्या शिकला. शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला बाणाची ओढ लागावी, ही गंमतच. पण आपल्या भाषेत ती जवळीक जुनीच आहे. शल्य म्हणजे बाणाचे टोक. शरीरात रुतलेले शल्य काढण्याची विद्या ती शल्यचिकित्सा. सुश्रुतसंहितेत शल्य काढण्याच्या रीती विस्ताराने सांगितल्या आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पात्यांचा बाण भरकटतो का?

यासाठी एक छोटा प्रयोग करा. शीतपेयाची कागदी नळी घ्या. तिच्या एका तोंडाला खेळण्यातल्या मातीचा हरभऱ्याएवढा गोळा लावा आणि दुसऱ्या टोकाला पोस्टकार्डाचे तीन छोटे पंख चिकटवा. ही नळी गोळा पुढे ठेवून मोकळ्या जागेत हळूच फेका. ती सरळ जाईल. आता उलटी धरून, पंख पुढे करून फेका. हवेतच ती गिरकी घेईल आणि गोळा पुढे करून पडू पाहील. आता तिसरा प्रकार. मागचे पंख तसेच ठेवा आणि गोळ्याच्या लगेच मागे आणखी तीन पंख लावा. त्यांतला एक किंचित तिरपा बसवा. नळी आता एका बाजूला वळेल, आणि थोडी फिरवून फेकली तर दुसऱ्या बाजूला वळेल. (फेकताना समोर कोणी उभे नाही ना, ते पाहा. नळीच्या जागी खराट्याची काडी घेऊ नका.)

काय झाले? नळी बोटावर तोलून धरली की जिथे ती समतोल राहते तो तिचा गुरुत्वमध्य. हवेतून जाताना नळी जराशी तिरपी झाली, की हवा तिला बाजूने ढकलते. हे सारे ढकलणे जणू ज्या एका बिंदूपाशी होते, त्याला हवेच्या दाबाचा मध्य म्हणू. वस्तू फिरते ती गुरुत्वमध्याभोवती. दाबाचा मध्य त्याच्या मागे असेल, तर हवा शेपटीला ढकलून वस्तूला पुन्हा सरळ करते. देवळाच्या शिखरावरच्या किंवा वेधशाळेतल्या वातकुक्कुटाची शेपटी रुंद असते ती याचसाठी. बाणाच्या मागची पिसे ही त्याची शेपटी. पण तुम्ही पुढे रुंद पाती लावली, की दाबाचा मध्य पुढे सरकतो आणि पिसांचा जोर तितका कमी पडतो. शिवाय टोक काडीच्या अक्षाशी केसभर जरी वाकडे बसले असेल, तरी पाती विमानाच्या पंखांसारखी हवा कापत बाणाला आपल्या बाजूला ओढतात. हे ओढणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला, तर बल सव्वादोनपट! साध्या धनुष्यावर ज्या टोकाने कधी त्रास दिला नाही, ते वेगवान क्रॉसबोवर का बिघडते, ते यावरून समजेल.

उपाय दोन बाजूंनी करता येतो : गुरुत्वमध्य पुढे न्यायचा, किंवा दाबाचा मध्य मागे. वरच्या बाणाची काडी ५० सें.मी. लांब आहे आणि मागच्या टोकापासून ३०.५ सें.मी. वर तो तोलला जातो, असे समजा. काडीचा मध्य २५ सें.मी. वर. म्हणजे गुरुत्वमध्य ५.५ सें.मी. पुढे, लांबीच्या ११ टक्के. त्याचे टोक १०० ग्रेनचे, म्हणजे ६.५ ग्रॅमचे आहे. ते काढून १२५ ग्रेनचे, ८.१ ग्रॅमचे टोक बसवले, तर पुढे १.६ ग्रॅम वाढले. तरफेचा नियम लावून पाहा : गुरुत्वमध्य सुमारे १३ टक्क्यांवर जातो. दीड ग्रॅममध्ये एवढा फरक पडतो. दुसऱ्या बाजूने, पिसे थोडी मोठी घेतात आणि ती काडीवर किंचित पिळून बसवतात. त्यामुळे बाण स्वतःभोवती फिरतो आणि पात्याचा वाकडेपणा एका क्षणी डावीकडे, तर पुढच्या क्षणी उजवीकडे ओढून आपोआप फिटतो. पण क्रॉसबोचा बाण एका पन्हळीतून सरकत जातो आणि एक पीस त्या पन्हळीत बसते, म्हणून पिसांच्या आकाराला व पिळाला मर्यादा पडते.

तिसरा उपाय आधुनिक आहे. टोकाची पाती चाकूसारखी मिटलेली ठेवायची आणि लक्ष्यावर आपटताच ती उघडायची. उडताना असा बाण साध्या टोकाच्या बाणासारखाच वागतो. कल्पना नामी आहे, पण फुकटचे काही मिळत नाही. पाती उघडण्यात काही ऊर्जा खर्च होते. उघडलेली पाती जास्त रुंद कापतात, म्हणून बाण कमी खोल जातो. आणि तिरपा बसला तर सगळी पाती सारखी उघडतीलच असे नाही. शिवाय एक अडचण धनुष्यातच आहे. एस.टी. एकदम सुटली की उभे प्रवासी मागे झुकतात, हे तुम्ही पाहता. आमचा बाण सुमारे ३५ सें.मी. अंतरात शून्यापासून १०५ मीटर वेगाला पोचतो. त्याचे सरासरी त्वरण काढा : ते गुरुत्वत्वरणाच्या सोळाशेपट येते! या धक्क्याने पुढे मिटलेली पातीही मागे झुकू पाहतात आणि सुटतानाच उघडू शकतात. म्हणून क्रॉसबोसाठी जास्त घट्ट धरून ठेवलेल्या पात्यांची टोके वेगळी करतात. कमी ताकदीच्या धनुष्याला स्थिर पात्यांचे टोक बरे. ताकद भरपूर असेल, तर मिटणाऱ्या पात्यांचा विचार करावा. अमेरिकेतील अनेक राज्यांत टोकाची रुंदी निदान सात अष्टमांश इंच, म्हणजे २२ मि.मी. असावी, असा नियम आहे.

हा सोळाशेपटीचा आकडा इतक्यात सोडू नका. टोकाचे वस्तुमान ६.५ ग्रॅम. सुटण्याच्या त्या सात सहस्रांश सेकंदात काडीला ते जणू साडेदहा किलो वजनाचे वाटते. बारीक काडी उभी धरून तिच्या डोक्यावर साडेदहा किलो ठेवले तर ती वाकणारच. काडी फार लवचीक असेल, तर ती वाकत-थरथरत बाहेर पडते आणि पुढची पाती प्रत्येक थरथरीबरोबर हवेला वेगळ्या कोनात भिडतात. काडीचा ताठपणा मोजण्याची पद्धत साधी आहे. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर काडी ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि ती किती लवते ते मोजतात. हे लवणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणून क्रॉसबोची आखूड काडी बरीच ताठ असते. तरी टोक जड केले तर काडीही त्या मानाने ताठ हवी. काड्या ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बन तंतूंच्या असतात. ॲल्युमिनियम वाकते, आणि वाकलेले डोळ्यांना दिसते. कार्बन वाकत नाही, पण तडकतो. तडकलेली काडी सुटताना फुटून तिच्या शलाका हातात घुसल्याचे अपघात झाले आहेत. म्हणून प्रत्येक वेळी काडी हलकेच वाकवून, कान देऊन तपासतात.

आता वजनाचा प्रश्न. हलका बाण वेगाने जातो, मग जड का घ्यावा? एकच धनुष्य बाणाला जवळजवळ ठरावीकच ऊर्जा देते. त्याच धनुष्यावर ३२.५ ग्रॅमचा बाण लावला, तर वेग १०५ वरून ९४ वर येतो. तीस मीटर जाईपर्यंत हलका बाण ४० सें.मी. खाली येतो, जड बाण ५० सें.मी. हा जड बाणाचा तोटा झाला. पण त्याचा संवेग सुमारे १२ टक्क्यांनी जास्त असतो, हाडाला लागला तरी तो लवकर थांबत नाही. शिवाय हलका बाण जी ऊर्जा घेत नाही, ती जाते कुठे? ती धनुष्याच्या बाहूंत आणि दोरीत थरथर व आवाज होऊन राहते. बाण फारच हलका असेल, तर बाण न लावता दोरी सोडल्यासारखे होते आणि बाहू चिरतात. म्हणून प्रत्येक धनुष्याचा कारखानदार बाणाचे किमान वजन सांगतो. त्याहून हलका बाण कधीही वापरू नये. तीच गोष्ट बाणाच्या मागच्या खाचेची. ती सपाट, अर्धचंद्राकार अशा निरनिराळ्या आकारांची असते. चुकीची खाच असली तर दोरी बाणाच्या वरून निसटते आणि पुन्हा तोच अपघात.

वेगाच्या मोहाबद्दल आणखी एक हिशेब करू. पांढऱ्या शेपटीचे अमेरिकन हरीण आवाज ऐकताच उडी मारण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते. तीस मीटरवर दोरीचा आवाज ०.०९ सेकंदात पोचतो, आमचा बाण ०.२९ सेकंदात. मध्ये ०.२ सेकंद उरतो. तेवढ्या वेळात मोकळी पडणारी वस्तू वीस सेंटिमीटर खाली येते. प्रतिक्रियेला लागणारा वेळ वजा केला तरी हरीण काही सेंटिमीटर खाली गेलेले असतेच. आता महागडे धनुष्य घेऊन वेग १२० मीटर केला, तर हा फरक ०.१६ सेकंदावर येतो. पण जुन्याच धनुष्याने वीस मीटरवरून बाण सोडला, तर फरक अवघा ०.१३ सेकंद! दहा मीटर जवळ जाण्याने जे साधते, ते पंधरा मीटर वेग वाढवून साधत नाही. अंतराचा अंदाज चुकल्याची शिक्षाही मोठी असते. चाळीस मीटरवरचे हरीण तीस मीटरवर आहे असे समजून नेम धरला, तर बाण १८ सें.मी. खाली जातो. हरणाच्या छातीत नेमाची जागा वीस-पंचवीस सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणजे मध्यापासून जेमतेम बारा सेंटिमीटर.

मग आपल्या शिकाऱ्याने काय करावे? त्याने १२५ ग्रेनचे, आखूड पात्यांचे टोक घेतले. प्रत्येक बाण लाकडी फळीवर टोकावर उभा करून भोवऱ्यासारखा फिरवला. टोक आणि काडी जिथे जुळतात तिथे जो बाण डगमगला, त्याचे टोक काढून दुसऱ्या काडीवर बसवले. मग बाणांवर क्रमांक घातले आणि पुन्हा तीस मीटरवरून सराव केला, पण आता पात्यांच्या टोकांनीच. क्रमांक चारचा बाण दर वेळी बाजूला जाऊ लागला. तो त्याने भात्यातून काढून टाकला. बाकीचे बाण एका जागी बसले, फक्त थोडे खाली. तेवढी त्याने दुर्बीण सरकवून घेतली. आणि सरावाने बोथट झालेली पाती बदलून नवी बसवली.

जाता जाता तुम्हांला एक कोडे. चंद्रावर हवा नाही. हीच दोन टोके, साधे आणि पात्यांचे, सारख्या वजनाची, एकाच बाणाला लावून चंद्रावर सोडली, तर ती लक्ष्यावर एकाच जागी बसतील की वेगवेगळ्या? आणि बाणाची पिसे उपटून टाकली तर? उत्तर लिहिताना बाण ‘कुठे’ बसेल आणि ‘कसा’ बसेल, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.